टेकूवर किती भार?

फुलंब्री परिसरात ज्या जुन्या घरांची धाबी अजून टिकून आहेत, तिथे पावसाळ्याच्या तोंडावर दोन कामे निघतात. एक म्हणजे धाब्यावर मातीचा नवा थर देणे. दुसरे, एखादी तुळई मध्ये झुकलेली दिसली की तिच्याखाली बल्लीचा टेकू देणे. मागे एका नातेवाइकांच्या घरी असा टेकू पाहिला आणि मनात प्रश्न आला : या बल्लीवर नेमका किती भार येत असेल? तुळईखाली आता तीन आधार आहेत, म्हणजे प्रत्येकावर एक तृतीयांश? वर्गात विचारा; बहुतेक विद्यार्थी हेच उत्तर देतील. ते चूक का, हे पाहण्यासारखे आहे.

आधी टेकू बाजूला ठेवू. धाब्याची रचना अशी असते : दोन खांबांवर तुळई, तुळईवर सरे, सऱ्यांवर किलचण आणि त्यावर मातीचा जाड थर. समजा, तुळई ३ मीटर लांब आहे, तिच्या वाट्याला छताचा सव्वा मीटर रुंदीचा पट्टा येतो आणि माती ३० सेंटिमीटर जाड आहे. मातीचे घनफळ झाले ३ × १.२५ × ०.३ = १.१२५ घनमीटर. एक घनमीटर माती सुमारे १६०० किलोग्रॅम धरली, तर एकूण भार १८०० किलोग्रॅम. (काटेकोरपणे बल न्यूटनमध्ये सांगायला हवे, इथे सोयीसाठी किलोग्रॅम-भार वापरू.) भार सारखा पसरलेला असल्याने प्रत्येक खांब तुळईला ९०० किलोग्रॅमच्या बलाने वर उचलून धरतो. हीच आधाराची प्रतिक्रिया. दर ५ सेंटिमीटर नव्या मातीमागे ती १५० किलोग्रॅमने वाढते. जुना थर न खरवडता वर्षानुवर्षे माती चढवत राहिल्यास काय होईल, हे यावरून कळते. भूकंपात छतामुळे येणारे आडवे बलही त्याच्या वस्तुमानाच्याच प्रमाणात असते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली.

आता धाब्यावर, डाव्या खांबापासून १ मीटरवर, पाण्याने भरलेली ५०० लिटरची टाकी ठेवली. तिचा भार दोन्ही खांबांवर कसा वाटला जाईल? इथे दोन नियम पुरतात. पहिला, वर ढकलणाऱ्या बलांची बेरीज खालच्या भाराइतकी. दुसरा, कोणत्याही बिंदूभोवती दोन्ही दिशांची आघूर्णे समान. तरफेचा हाच नियम आपण शाळेत शिकवतो. डाव्या खांबाभोवती आघूर्णे घेऊ :

उजवी प्रतिक्रिया × ३ = ५०० × १

म्हणून उजव्या खांबावर सुमारे १६७ आणि डाव्यावर ३३३ किलोग्रॅम जादा भार. टाकी जिकडे सरकेल, तिकडचा वाटा वाढेल. बेरीज मात्र ५०० च राहील. टाकी थेट खांबाच्या डोक्यावर ठेवली, तर सारा भार त्याच खांबात उतरतो आणि तिच्यामुळे तुळई वाकत नाही. टाकीची जागा ठरवताना एवढे गणित उपयोगी पडते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टाकी नाही, फक्त माती आहे आणि तुळईच्या मध्यावर टेकू आहे. अज्ञात प्रतिक्रिया तीन, पण नियम दोनच. टेकूवर ६०० धरा, ८०० धरा किंवा १००० धरा; उरलेला भार दोन टोकांना निम्मा-निम्मा दिला की दोन्ही नियम पाळले जातात! म्हणजे केवळ समतोलातून उत्तर मिळत नाही. तिसरी माहिती तुळईच्या वाकण्यातून घ्यावी लागते.

टेकू नसता तर तुळई मध्ये काही अंतर झुकली असती. टेकूने तिला तेवढेच वर रेटले पाहिजे. सारखा पसरलेला भार तुळईला मध्यावर जितके झुकवतो, तितके झुकवायला मध्यावर एकवटलेला, त्याच्या ५/८ इतकाच भार पुरतो. तेव्हा तुळई सरळ राखणाऱ्या टेकूवर १८०० चे ५/८, म्हणजे ११२५ किलोग्रॅम येतात! दोन्ही खांबांना उरतात प्रत्येकी सुमारे ३३७. अंदाजाने धरलेल्या ६०० च्या जवळजवळ दुप्पट भार त्या बल्लीवर आहे.

मात्र हे उत्तर टेकू कसा बसवला यावर अवलंबून असते. झुकलेल्या तुळईला तो नुसता टेकवला, तर जुन्या भारातला काहीच वाटा तो घेत नाही. नंतर वाढलेल्या भारातलाच घेतो. पाचर ठोकत गेलो तर त्याचा वाटा वाढतो. फार ठोकली तर टोके उचलली जाऊन सारा भार टेकूवर येईल आणि तुळई वरच्या अंगाने तडकू शकेल. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात असाच एक प्रसंग सांगितला आहे. दोन आधारांवर आडव्या ठेवलेल्या संगमरवरी खांबाला खबरदारी म्हणून मध्ये तिसरा आधार दिला. काही महिन्यांनी खांब नेमका त्या आधारावरच मोडला. टोकाचा एक आधार कुजून खचला होता, मधला मात्र घट्ट राहिला होता.

आपल्याकडे उलटे घडू शकते. पावसात धाब्याची माती पाणी पिऊन जड होते आणि त्याच वेळी टेकूखालची जमीन ओली होऊन खचते. टेकू थोडा खाली गेला की त्याने घेतलेला भार पुन्हा खांबांवर जातो आणि तुळई पूर्वीसारखी झुकते. म्हणून टेकूखाली रुंद, सपाट दगड हवा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पाचर तपासायला हवी.

वर्गात करून पाहा. स्वयंपाकघरातले तीन सारखे तराजू एका रांगेत ठेवा. त्यांवर लाकडी पट्टी आडवी ठेवून तिच्यावर सारख्या अंतराने वजने मांडा. आता मधल्या तराजूवर, पट्टीखाली, एकेक पुठ्ठा सरकवा आणि प्रत्येक वेळी तिन्ही आकडे लिहा. मधला आकडा वाढेल, टोकाचे घटतील. बेरीज तीच राहील. तराजूच्या स्प्रिंगा स्वतःही दबतात, त्यामुळे ५/८ अचूक मिळणार नाही. ते का, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. ओल्या जमिनीवरचा टेकू त्यांना लगेच आठवेल.