साथ आधी कादंबरीत आली

२०२० च्या सप्टेंबरअखेरीस ऑस्ट्रेलियात मुलांसाठीची एक जाडजूड कादंबरी प्रसिद्ध झाली. मेलबर्न शहर तेव्हा कडेकोट बंद होतं. पुस्तकांच्या दुकानांत गिऱ्हाइकाला पाऊल टाकायची परवानगी नव्हती, दुकानदार ऑर्डरी घेऊन पुस्तकं घरपोच पाठवत होते. घरात कोंडलेल्या मुलांनी हे पुस्तक उघडलं, तर आतही एक साथ पसरलेली. जादूचं शहर, अनोळखी आजार, भरलेली रुग्णालयं, संचारबंदी आणि शेजाऱ्याकडे संशयानं बघणारी माणसं.

पुस्तकाचं नाव ‘हॉलोपॉक्स’, लेखिका जेसिका टाउनसेंड. ‘नेव्हरमूर’ मालिकेतला हा तिसरा भाग. बातम्या बघून घाईनं बेतलेली कथा वाटावी, इतकं सगळं जुळलेलं. पण पुस्तकाचं नाव २०१९ मध्येच जाहीर झालं होतं, ‘कोविड’ हा शब्द जगाच्या कानावर पडण्याआधी. बातम्यांवरून बेतलेलं नसूनही हे पुस्तक इतकं खरं कसं उतरलं? त्याचं उत्तर लेखिकेच्या टेबलावर बऱ्याच वर्षांपासून तयार होत होतं.

प्राणिसंग्रहालयाचं मासिक

जेसिका क्वीन्सलँडच्या सनशाइन कोस्टवरची. याच भागातल्या बीरवा गावी ‘ऑस्ट्रेलिया झू’ आहे, टीव्हीवर मगरींशी झटापट करणाऱ्या स्टीव्ह अर्विनचं प्राणिसंग्रहालय. या संस्थेच्या मुलांसाठीच्या वन्यजीव मासिकाची जेसिका एकेकाळी संपादक होती. पोटापाण्यासाठी तिनं आठ वर्षं कॉपीरायटर म्हणूनही काम केलं. नेव्हरमूरचं जग मनात आलं ते अठराव्या वर्षाच्या सुमारास, आणि त्याचं पुस्तक व्हायला जवळपास दहा वर्षं गेली.

मुलांना प्राण्यांविषयी सांगायचं तर एक पथ्य पाळावं लागतं: प्राण्याला खेळणं करायचं नाही आणि राक्षसही करायचं नाही. नेव्हरमूर वाचताना मला हे पथ्य पानोपानी दिसतं. त्या शहरात ‘वनिमल’ नावाचे नागरिक राहतात. दिसायला प्राणी, पण बोलतात, विचार करतात, नोकऱ्या करतात, पार्ट्यांना जातात. काहींचा चेहरामोहरा बराचसा माणसासारखा, तर काही पूर्णपणे कोल्हा किंवा बिबळ्या. आपल्या ओळखीचे साधे प्राणी त्यांच्याहून वेगळे, आणि त्यांच्यात आपली गणना झालेली वनिमलांना मुळीच खपत नाही. आधीच्या भागांत हे सगळं गंमत म्हणून येतं. वाचणारं पोर हसतं आणि त्या पात्रांवर जीव लावून बसतं. पुढे साथ नेमकी यांनाच गाठणार असते.

फ्रँकफर्टचा लिलाव

प्रकाशन व्यवसायात फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्याचं महत्त्व फार. दर ऑक्टोबरमध्ये तिथे जगभरचे प्रकाशक आणि साहित्यिक एजंट जमतात. एजंटांसाठी वेगळं दालन असतं, ठरलेल्या वेळेशिवाय तिथे कुणाला भेटता येत नाही. टेबलामागे टेबल आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी, असा दिवस जातो. चांगलं हस्तलिखित मेळ्याच्या आधीच संपादकांच्या हाती फिरू लागतं. दोन-तीन जणांना ते एकदम हवंसं झालं की बोली लागते, आणि एजंट फेरीमागून फेरी घेत आकडा वाढवत नेतो.

२०१६ च्या मेळ्यात नेव्हरमूरसाठी आठ बोलीदार उतरले. लेखिका नवखी, आधी एकही पुस्तक नाही, हातात काय ते हस्तलिखित. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका या तिन्ही बाजारांसाठीचे हक्क हॅशेट समूहातल्या प्रकाशन संस्थांनी घेतले. छापील प्रत निघायच्या आधीच चित्रपटाचे हक्क ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं घेतले आणि पटकथेसाठी ‘द मार्शियन’ हा चित्रपट लिहिणाऱ्या ड्रू गॉडर्डचं नाव आलं.

ऑक्टोबर २०१७ मध्ये पहिला भाग बाजारात आला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियन बुक इंडस्ट्री अवॉर्ड्समध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळाला. फक्त बालसाहित्यातला नव्हे, मोठ्यांच्या पुस्तकांसकट सगळ्यांतला. ब्रिटनमध्ये वॉटरस्टोन्सच्या बालसाहित्य पुरस्कारात लहान वाचकांच्या कादंबरी विभागातही तेच पुस्तक पहिलं आलं. ध्वनिपुस्तकासाठी आवाज दिला जेमा व्हेलननं, ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली यारा ग्रेजॉय करणाऱ्या अभिनेत्रीनं. दुसरा भाग ‘वंडरस्मिथ’ २०१८ मध्ये आला. इथवर सगळं घड्याळाच्या काट्यावर चाललं होतं.

लांबलेला तिसरा भाग

तिसऱ्या भागाची तारीख मात्र पुढे गेली. मालिका लिहिणाऱ्याच्या वाट्याला येणारी ही नेहमीची कसोटी. पहिल्या पुस्तकाला दहा वर्षं मिळतात, पुढच्या प्रत्येकाकडून वर्षाच्या आत येण्याची अपेक्षा असते. मुलांच्या कादंबरीतही काम थोडं नसतं. आधी कथेच्या सांगाड्यावर संपादकाबरोबर चर्चा होते, मग पुनर्लेखन, मग ओळीओळीचं संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई. एका टप्प्याला उशीर झाला की पुढचे सगळे सरकतात. हे तारखांचं सरकणं झालं नसतं, तर ‘हॉलोपॉक्स’ कदाचित कोविडच्या आधीच मुलांच्या हाती पडलं असतं आणि त्यांनी ते निव्वळ कल्पनारम्य म्हणून वाचलं असतं.

आजाराची आखणी

मुलांच्या पुस्तकात साथ आणणं अवघड काम आहे. प्रेतांचे ढीग दाखवता येत नाहीत, आणि धोका पातळ केला तर मुलं लगेच ओळखतात. टाउनसेंडनं यावर काढलेली वाट मला कादंबरीतली सगळ्यात कसबी गोष्ट वाटते. हॉलोपॉक्स हा आजार फक्त वनिमलांना होतो. आधी बोलणं जातं, भान जातं, आणि कालपर्यंत सभ्यपणे वागणारा नागरिक समोरच्यावर झडप घालतो. मग तो कोसळतो आणि निपचित पडतो. श्वास चालू, पण आतलं माणूसपण हरवलेलं. रोगी जिवंत असल्यानं आशा सुटत नाही, आणि हाक मारून ओ येत नसल्यानं भीतीही हटत नाही.

या आखणीत एक प्रामाणिकपणा आहे. लोकांची भीती खोटी नाही. आजारी बिबळ्या खरोखरच हल्ला करतो, माणसं खरोखरच जखमी होतात. भित्र्यांना मूर्ख ठरवून लेखिका सोपी सुटका करून घेत नाही. भीती रास्त असताना शहर पुढे काय करतं, हे ती दाखवते. आधी आजारी वनिमलांची भीती, मग सगळ्याच वनिमलांचा संशय. संचारबंदी फक्त त्यांच्यासाठी. आपण शहराच्या काळजीपोटी बोलतोय असं म्हणणारे गट मोर्चे काढतात, आणि कालचा शेजारी आज धोका ठरतो.

२०२० मध्ये हे वाचणाऱ्या मुलांना आणखी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. ऑस्ट्रेलियात चिनी चेहऱ्याच्या लोकांना रस्त्यात शेरे ऐकावे लागत होते. आपल्याकडे रुग्णालयातून ड्युटी करून परतणाऱ्या नर्सेसना काही सोसायट्यांनी दारातच अडवलं होतं.

पांढऱ्या पायाची मुलगी

आता नायिकेकडे येऊ, कारण खरा किस्सा तिचाच आहे. मॉरिगन क्रो जन्मली ती अशुभ दिवशी. आपल्याकडे जिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात, तशी. गावात कुणाचं काही बिघडलं, कुणाचं हाड मोडलं, घरातली मांजर मेली, की खापर तिच्या माथी. आणि माफीची पत्रंही तिनंच लिहायची. अकराव्या वाढदिवसाला ती मरणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. बाप राजकारणी, त्याला मुलीपेक्षा आपल्या प्रतिष्ठेचा घोर. तिथून ज्युपिटर नॉर्थ नावाचा एक अतरंगी गृहस्थ तिला नेव्हरमूरला घेऊन येतो आणि तिचं आयुष्य पालटतं.

ही पत्रं पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच येतात. तिसऱ्या भागात शहर वनिमलांवर बोट रोखतं, तेव्हा गर्दीत उभ्या असलेल्या या मुलीला तो प्रकार नवा नसतो. मोठ्यांना पुरावे लागतात, आकडेवारी लागते. मॉरिगनला लागत नाही, कारण न केलेल्या गुन्ह्याची माफी मागत ती लहानाची मोठी झाली आहे. साथीच्या कथेला अशी नायिका मिळाली, हे नशीब नव्हे. कोविडच्या कितीतरी आधी मॉरिगनला घडवताना लेखिकेनं त्याची तजवीज करून ठेवली होती.

त्यातच मॉरिगनच्या हाती एक दुर्मीळ जादुई शक्ती आहे, आणि तिच्याआधी ती बाळगणाऱ्या माणसानं शहराला रक्तबंबाळ केलं होतं. म्हणजे उद्या बोट तिच्याकडेही वळू शकतं. बरं करण्याची ताकद आणि भीतीचं कारण, दोन्ही एकाच मुलीत. औषध कुणाकडे आहे आणि त्याची किंमत काय, हे इथे फोडणं वाचणाऱ्या मुलांवर अन्याय होईल.

वाट पाहणारे वाचक

चौथा भाग ‘सिल्व्हरबॉर्न’ यायला २०२५ उजाडलं. पहिलं पुस्तक दहाव्या वर्षी वाचलेली मुलं तोवर अठरा वर्षांची झाली होती. तरी ती थांबली, आणि धाकट्या भावंडांच्या हाती पहिला भाग देऊन थांबली. मुलांना सगळं झटपट लागतं, असं म्हणणाऱ्यांनी या वाचकांकडे पाहावं.

घरात नऊ-दहा वर्षांचं इंग्रजी वाचणारं मूल असेल तर त्याला ही मालिका जरूर द्या, आणि पहिल्या भागापासूनच द्या. साथीचं पुस्तक आधी वाचलं तर थरार मिळेल, पण त्या माफीच्या पत्रांशिवाय त्यातला राग कळणार नाही. आणि मुलांपर्यंत पोचायला हवा तो तो रागच. साथी पुन्हा येतील, आणि त्या येतील तेव्हा दोष कुणावर ढकलायचा हे ठरवणाऱ्या गर्दीत आजची ही मुलं मोठी होऊन उभी असतील. त्यांतल्या काहींनी तरी मॉरिगनच्या बाजूनं बोलावं, यासाठी हे पुस्तक त्यांनी वेळेत वाचायला हवं.