पहाटे पाय घराबाहेर निघत नाही तेव्हा

"डॉक्टरसाहेब, उठू तर वाटते, पण उठनंच होत नाही." ही तक्रार आमच्या सुलतानपुरात रक्तदाबाच्या आणि साखरेच्या तक्रारीइतकीच जुनी आहे. कुणाला वजन उतरवायचे असते, कुणाला गोळी कमी करून घ्यायची असते, कुणाला भरतीला उतरायचे असते. रात्री जेवताना निश्चय पक्का असतो. पहाटे पाचला गजर वाजतो, गोधडीतून एक हात बाहेर येतो, गजर बंद करतो आणि पुन्हा आत जातो. मग दिवसभर माणूस स्वतःला आळशी म्हणत राहतो. मला विचाराल तर हा बहुतेक वेळा आळस नसतोच.

आधी शरीराकडे पाहू. पहाटेच्या सुमारास आपल्या शरीराचे तापमान चोवीस तासांतले सर्वात कमी असते. झोपेतून उठल्यावर मेंदू एकदम जागा होत नाही. पंधरा मिनिटे ते अर्धा तास गुंगी राहते आणि या काळात नीट विचार करून ठरवण्याची शक्ती मंद असते. म्हणजे 'जाऊ की नको' हा प्रश्न आपण स्वतःला नेमका अशा वेळी विचारतो, जेव्हा उत्तर 'नको' असेच येणार! शरीरातल्या या घड्याळाची यंत्रणा शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घड्याळ म्हटले की ते लावावे लागते. रात्री साडेअकरापर्यंत मोबाईल पाहायचा आणि पाचला उठायचे, हे घड्याळाला मान्य नाही. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप हवी. पाचला उठायचे असेल तर दहाला दिवा बंद झाला पाहिजे. ज्याला ते जमत नसेल त्याने सहाला उठावे, संध्याकाळी धावावे. आरोग्याच्या हिशेबात त्याने फारसे काही बिघडत नाही. पहाटेचा फायदा इतकाच, की त्या वेळी शेतातले काम, पाहुणे आणि फोन आडवे येत नाहीत. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुसरी वेळच उरत नाही, हेही खरे.

आता जे रोज उठतात त्यांच्याकडे पाहा. मेहकरकडे किंवा लोणारकडे जाणाऱ्या रस्त्यावर थंडीत पहाटे गेलात तर अंधारात पावलांचे आवाज आधी ऐकू येतात आणि पोरे मागून दिसतात. ही भरतीची पोरे. राज्यातल्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी परीक्षेच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या लांब धावण्याला असतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. मुलाने ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत अंतर कापले तर पैकीच्या पैकी गुण. पुढे सेकंदांवर गुण कापले जातात. या पोरांना प्रेरणेवर व्याख्यान द्यावे लागत नाही. त्यांच्यासमोर तारीख आहे, घड्याळ आहे, घरची कोरडवाहू जमीन आहे, आणि मुख्य म्हणजे फाट्यावर उभा राहून हाक मारणारा जोडीदार आहे.

मला काळजी वाटते ती भरती हुकल्यानंतरची. पोलीस भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ वर्षे. ती ओलांडली की पोरगा ज्या दिवशी थांबतो, त्या दिवशी कायमचाच थांबतो. रस्त्याकडे पाहिले तरी त्याला अपयश आठवते. खाणे मात्र धावणाऱ्या माणसाचेच राहते. लग्न, दुकान, मोटारसायकल. आणि चाळिशीच्या आत तोच माणूस पोट सुटलेल्या अवस्थेत दवाखान्यात येतो. तपासणीत साखर वाढलेली निघते. "मी तर भरतीचा गडी होतो," असे तो सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्यालाही वाईट वाटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या पुढे आहेत. ज्याने ऐन तारुण्यात दहा वर्षे धावून काढली त्याने तरी या गर्दीत यायला नको होते. अशा प्रत्येकाला माझे सांगणे असते, की बाबा, वर्दी मिळाली नाही, पण कमावलेली छाती आणि पाय तुझेच आहेत; ते कुणी परत मागितलेले नाहीत. वेळ लावू नकोस, घड्याळ घरी ठेव, पण रस्ता सोडू नकोस. नव्या पोरांना शिकवायला जा. शिकवायला म्हणून गेलेला माणूस आपसूक धावतो.

तुम्ही म्हणाल, आम्हाला भरतीही नाही आणि तारीखही नाही, आम्ही कशासाठी उठावे? मग कार्तिकातला काकडा आठवा. महिनाभर गावोगाव माणसे अंधारात उठतात, थंड पाण्याने आंघोळ करतात आणि देवळात जातात. त्यांत साठीच्या पुढचे असतात, गुडघे धरून चालणाऱ्या आयाबाया असतात. यांतले कित्येक जण इतर अकरा महिने "उठनं होत नाही" म्हणणारेच! काकड्याला उठवते, कारण तिथे प्रश्नच नसतो. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, आणि आपण दिसलो नाही तर शेजारीण विचारणार, "काल काहून नाही आल्या?" तीच गोष्ट पायी वारीची. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते आणि परतताना लोणार-मेहकरच्या आपल्याच भागातून जाते. त्या दिंडीतल्या माणसाला एरवी कुणी "रोज पंचवीस किलोमीटर चाल" असे सांगितले असते तर त्याने आपल्याला वेड्यात काढले असते.

तेव्हा पहिली गोष्ट, एकटे ठरवू नका. एक शेजारी, एक मेहुणा, शाळेतला एक मास्तर, कुणीही चालेल. फक्त तो वेळेवर येणारा हवा. त्याला ताटकळत ठेवण्याची लाज वाटली पाहिजे. लाजेखातर धावलेला किलोमीटरही हृदयाला तितकाच लागू पडतो. दुसरी गोष्ट, सगळे रात्रीच तयार ठेवा. बूट दाराशी, कपडे उशाशी, गजर पलीकडच्या खोलीत. उठल्यावर करायला एकच काम राहावे, ते म्हणजे दार उघडणे.

सवय किती दिवसांत लागते, हेही लोक विचारतात. 'एकवीस दिवस' हा आकडा कुठून तरी सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याचा अभ्यास केला होता. त्यात सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. पोळ्याला नाही गेलात, पेरणीच्या चार दिवसांत नाही गेलात, तर पाचव्या दिवशी जा.

बायकांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो नुसता उठण्याचा नाही. पहाटे त्या उठलेल्याच असतात! चूल, पाणी, डबे यांतून सुटका नाही, अंधाराची भीती, आणि "ही कुठं पळायली?" असे विचारणारे डोळे. अशा वेळी मला लता करे आठवतात. मूळच्या आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या, पुढे मजुरीसाठी बारामतीकडे गेलेल्या. नवऱ्याच्या आजाराच्या तपासण्यांना पैसे नव्हते, म्हणून साठी ओलांडलेली ही बाई बारामतीच्या मॅरेथॉनमधल्या ३ किलोमीटरच्या शर्यतीत नऊवारी नेसून उतरली, अनवाणी धावली आणि पहिली आली. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. लोक टाळ्या वाजवतात ते ठीक. पण नवऱ्याच्या तपासणीसाठी बाईला शर्यत जिंकावी लागावी, हे मला अजून टोचते. शिवाय ते पाय एका दिवसात तयार झालेले नाहीत, आयुष्यभराच्या चालण्याने आणि राबण्याने झालेले आहेत. आपल्या गावातल्या बायकांनी चार-पाच जणींचा गट करावा, उजाडल्यावर शाळेच्या मैदानावर जावे. घरच्या पुरुषांनी तेवढा अर्धा तास चुलीपाशी बसावे. त्यात काही बिघडणार नाही.

सुरुवात कशी करावी? पहिले पंधरा दिवस धावूच नका, भरभर चाला. मग एक मिनिट हळू धावणे, दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोराचा व्यायाम पुरेसा मानते, म्हणजे रोज अर्धा तास आणि दोन दिवस सुट्टी. उठल्याउठल्या पळत सुटू नका. पहाटे रक्तदाब चढत असतो आणि हृदयविकाराचे झटकेही सकाळच्या वेळी जास्त येतात. चाळिशीच्या पुढच्यांनी, रक्तदाब किंवा साखर असलेल्यांनी आधी तपासून घ्यावे. इन्शुलिन किंवा साखरेची गोळी चालू असेल तर उपाशी धावू नये आणि खिशात साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा ठेवावा. छातीत दाब, डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही झाले तर तिथेच थांबावे आणि लगेच दवाखाना गाठावा. "घरापर्यंत जाऊ" म्हणू नये. भरतीच्या पोरांनीही हे मनावर घ्यावे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले होते. पुढे हे अंतर १६०० मीटरवर आले. उन्हात, उपाशी आणि अपुऱ्या झोपेवर शरीराची परीक्षा घेऊ नये.

रस्त्यावर धावणाऱ्यांनी उजव्या बाजूने धावावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. कपडे पांढरे किंवा पिवळे घालावेत, कानात गाणी लावू नयेत; उसाच्या ट्रॅक्टरला मागचा दिवा असेलच असे नाही. कुत्रा अंगावर आला तर पळू नका, उभे राहा. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, हळद-चुना लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करा.