प्रकाशाचा जमाखर्च

छायाचित्रणाचा छंद आज घरोघर पोहोचला आहे. लग्नकार्य असो, सहल असो वा दुकानाचा वर्धापनदिन, घरातील एखादा हौशी हात कॅमेरा घेऊन पुढे होतोच. मात्र अनेकांची हौस एका खुणेपाशी थबकते. कॅमेऱ्याची चकती ‘ऑटो’वर एकदा स्थिरावली की वर्षानुवर्षे हलत नाही. उरलेली अक्षरे व्यावसायिकांसाठीच राखलेली आहेत, असा समज होऊन बसतो. वस्तुतः ही विद्या व्यापारी कुटुंबात वाढलेल्या माणसाला लवकर उमगावी. कारण तिचा पाया जमाखर्चाचा आहे.

छायाचित्र म्हणजे ठरावीक प्रमाणात जमा केलेला प्रकाश. त्याचे प्रमाण राखण्याची तीन साधने कॅमेऱ्यात असतात. भिंगातील छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, हे पहिले. २.८, ४, ५.६, ८, ११ असे त्याचे आकडे असतात आणि आकडा लहान तितके छिद्र मोठे. प्रत्येक पुढच्या आकड्याला आत येणारा प्रकाश निम्मा होतो. शटर हे दुसरे साधन. १/६० सेकंदाऐवजी ते १/१२५ सेकंद उघडले की प्रकाश पुन्हा जवळपास निम्मा होतो. तिसरे साधन आयएसओ. १००, २००, ४००, ८०० अशा पायऱ्यांनी चित्र दुपटीने उजळत जाते.

या तिन्हींत एक मूलभूत भेद आहे. अ‍ॅपर्चर आणि शटर यांतून येणारा प्रकाश ही खरी मिळकत. आयएसओ वाढवणे ही उसनवारी. त्याने नवा प्रकाश येत नाही, आलेलाच वाढवून दाखवला जातो. या उसनवारीचे व्याज म्हणजे चित्रावर दिसणारा रवाळपणा, ज्याला ‘नॉइज’ म्हणतात. मिळकतीलाही खर्च असतोच. छिद्र मोठे केले तर नेमके दिसणारे अंतर कमी होते. एक चेहरा स्पष्ट आणि मागचा धूसर होतो. शटर रेंगाळले तर हलणारा हात पुसट उमटतो. एका बाजूला घ्यावे, तर दुसऱ्या बाजूला द्यावे लागते.

दिवाळीतील वहीपूजनाचे उदाहरण घेऊ. समईचा मंद उजेड आहे, आजोबा वहीवर कुंकवाने स्वस्तिक रेखीत आहेत, मागे नातवंडे उभी आहेत. एफ/४, १/६० सेकंद आणि आयएसओ ३२०० असा मेळ जमला, असे समजू. यात आजोबा स्पष्ट येतात, परंतु नातवंडे किंचित धूसर होतात. सर्वांना स्पष्ट आणण्यासाठी एफ/८ घेतले, तर प्रकाश एक चतुर्थांश उरतो. तो भरून काढण्यासाठी शटर १/१५ सेकंद ठेवले तर आजोबांचा हात हललेला दिसेल. आयएसओ १२८०० केला तर रवाळपणा वाढेल. अशा वेळी नातवंडांना दोन पावले पुढे घेऊन आजोबांच्या खांद्याशी उभे करावे. ती जवळजवळ एकाच रेषेत आली की एफ/४ पुरते आणि ही बचत फुकट पदरात पडते. ‘ऑटो’वर बहुधा फ्लॅश उडाला असता आणि समईचा उजेडच पुसला गेला असता.

कॅमेऱ्याचा आणखी एक स्वभाव ओळखून असावा. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरून तो प्रकाश मोजतो. म्हणून पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या साडीत बसलेल्या आजी मळकट दिसतात आणि काळ्या पाषाणाची मूर्ती राखाडी होते. यावर ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’ हा उपाय आहे. अधिक-उणे अशी खूण असलेले बटण आजींसाठी अधिक एककडे आणि मूर्तीसाठी उणे एककडे न्यावे. मोबाइलमध्ये पडद्यावर बोट टेकवून वर-खाली सरकवले की बहुधा हेच घडते. यंत्र सरासरी काढते. साडी पांढरी आहे हे त्याला माणसाने सांगावे लागते.

आता संस्करणाकडे, म्हणजेच एडिटिंगकडे वळू. चित्र साठवण्याचे दोन प्रचलित प्रकार आहेत. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा मावतात. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. साहजिकच रॉमध्ये नंतर फेरफार करण्यास पुष्कळ वाव राहतो. रॉ फाइल म्हणजे आपली कीर्द. जे घडले त्याची पहिली नोंद तीत होते आणि तीत खाडाखोड करायची नसते. लाइटरूम किंवा मोफत मिळणारे डार्कटेबल यांसारखी साधने हाच शिरस्ता पाळतात. मूळ फाइलला धक्का न लावता केलेला प्रत्येक बदल ती स्वतंत्र नोंदवतात. नको वाटल्यास तो मागेही घेता येतो.

मात्र कीर्दीत जे आलेच नाही ते खतावणीत कोठून येणार? काळोखात गेलेला भाग संस्करणात काही अंशी उजळता येतो, परंतु पार पांढरा झालेला भाग परत मिळत नाही. म्हणून चित्र टिपल्यावर ‘हिस्टोग्राम’ हा आलेख पाहावा. तो उजव्या कडेला जाऊन थडकला असेल, तर तेजस्वी भागांतील तपशील हरवला आहे असे समजून एक पायरी कमी प्रकाशात पुन्हा टिपावे.

संस्करण कमी प्रतीचे काम आहे, असे मात्र मानू नये. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स तरुणपणी पियानोची साधना करीत. ते निगेटिव्हला संगीताच्या लिखित स्वरलेखनाची आणि प्रिंटला त्याच्या वादनाची उपमा देत. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र टिपताना त्यांना प्रकाशमापक सापडेना. चंद्राच्या तेजाचा आकडा त्यांना ठाऊक होता. त्यावरून त्यांनी मनातच हिशेब मांडला. पुढे अनेक वर्षे त्या निगेटिव्हचे प्रिंट काढताना त्यांनी आकाश अधिकाधिक गडद केले. मूळ नोंद अचूक होती, म्हणूनच पुढील सारे शक्य झाले.

प्रश्न मर्यादेचा आहे. आज एका स्पर्शाने आजींच्या सुरकुत्या नाहीशा होतात, समारंभाला न आलेला पुतण्या चित्रात उभा करता येतो आणि रुसलेला जावई त्यातून वगळताही येतो. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अंतिम फेऱ्यांतील चित्रांच्या मूळ फाइली मागवून तपासल्या जातात. घरच्या चित्रांना असा तपासनीस नसतो; म्हणूनच तेथे सचोटीची जबाबदारी अधिक. पन्नास वर्षांनी नातवंडे हीच चित्रे पाहून घराची ओळख करून घेतील. उजेड, रंगछटा, चौकट यांत सुधारणा करावी. माणसे, वस्तू आणि चेहऱ्यावरचे वय जसे होते तसे राहू द्यावे. हा नियम पाळणे कठीण नाही.

आरंभ करण्यास नवा कॅमेराही लागत नाही. अनेक मोबाइलमध्ये ‘प्रो’ विभाग असतो. त्यातील अ‍ॅपर्चर बहुधा स्थिर असते, परंतु शटर आणि आयएसओ आपल्या हाती येतात. पहिला आठवडा एकाच खिडकीपाशी एकच तांब्या ठेवून केवळ शटर बदलून पाहावे, दुसरा आयएसओसाठी द्यावा, तिसरा अधिक-उणे या खुणेसाठी. चौथ्या आठवड्यात रॉ फाइल उघडून संस्करण करावे. प्रत्येक चित्राचे आकडे फाइलमध्ये आपोआप नोंदलेले असतात. रात्री दुकान वाढवल्यावर रोकड मेळावी तसे ते पाच मिनिटे पाहावेत. चार आठवड्यांत हा हिशेब बोटांत उतरू लागेल आणि ‘ऑटो’वर अडकलेली चकती आपण होऊन फिरू लागेल.