तुसाची राख आणि चुना

धान भरडले की तूस निघते, हे खेड्यातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. १०० किलो धानामागे सुमारे २० किलो तूस निघते आणि ते जाळल्यास सुमारे ४ किलो राख उरते. भंडारा, गोंदिया यांसारख्या धानाच्या जिल्ह्यांत ही राख विपुल मिळते. तिच्यापासून सिमेंट होते काय, असे ग्रामस्थांनी विचारल्यास शिक्षकाने उत्तर विचारपूर्वक द्यावयास हवे.

या राखेचा मुख्य घटक सिलिका होय. नुसता चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो. पाण्याखाली तो घट्ट होत नाही. परंतु सक्रिय सिलिकेशी त्याचा संयोग झाला, तर पाण्यातही टिकणारा पदार्थ तयार होतो. रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख घालीत आणि आपले जुने गवंडी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घालीत, ते याच कारणाने.

मात्र प्रत्येक राख उपयोगी नसते. तूस सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या आत जळाले, तरच सिलिका सक्रिय राहते. उष्णता फार वाढल्यास तिचे स्फटिक बनतात व ती निष्क्रिय होते. काळ्या राखेत न जळालेला कोळसा असतो. म्हणून राख पारखून घ्यावी.

बारीक दळलेली राख २ भाग व विरवलेला कोरडा चुना १ भाग, वजनाने घेऊन, पाण्यात मळून लहान वडी करावी. दुसरी वडी नुसत्या चुन्याची करावी. दोन्ही ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवून मग पाण्यात सोडाव्यात. राखेची वडी विरघळली, तर ती राख त्याज्य समजावी.

वडी टिकली, तरी हे मिश्रण विटांची जुडाई, गिलावा व जोत्याची किरकोळ कामे एवढ्यापुरतेच वापरावे. त्याला बळ सावकाश येते. स्लॅब, तुळई व खांब यांसाठी ते कदापि वापरू नये. वर्गाच्या छताखाली मुले बसतात. तेथील काटकसर जिवावर बेतू शकते.

चुना विरविण्याचे काम मुलांस देऊ नये. राखेची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने दळतानाही त्यांस दूर ठेवावे. वड्यांचे निरीक्षण व राखेचे गणित मात्र त्यांच्याकडून अवश्य करून घ्यावे.