चेहऱ्याचे माप आणि रंगाचा अर्थ

हिंदी चित्रपटाचे हाताने रंगवलेले पोस्टर भडक असते, हा आक्षेप जुना आहे आणि बराचसा खराही आहे. मात्र त्या भडकपणामागे एक काटेकोर व्याकरण होते, याकडे आक्षेप घेणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. भारतातील उपलब्ध सचित्र चित्रपट-पोस्टरांपैकी सर्वांत जुने मानले जाणारे ‘कल्याण खजिना’ (१९२४) या मूकपटाचे पोस्टर बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून आले. पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे असल्याने चित्र लांबूनही चटकन उमगले पाहिजे, ही अट त्यांच्या अंगवळणी पडलेली होती, आणि पुढे मुंबईच्या चित्रशाळांची सारी शैली याच अटीवर उभी राहिली.

या शैलीचा पाया म्हणजे आकारमानाची उतरंड, अर्थात आकृतीचे लहानमोठेपण अंतराने नव्हे तर महत्त्वाने ठरवणे. यथादर्शनाचा, म्हणजे दूरची वस्तू लहान दाखवण्याचा, नियम बाजूला सारून नायकाचा चेहरा निम्मा कागद व्यापतो, तर घोडे, मोटारी आणि मारामारी तळाशी बोटभर उंचीत उरकलेली असते. ही उतरंड कथेइतकीच नटांच्या बाजारभावावरही ठरे, हे अर्थात उघड गुपित होते.

रेषेचे काम अधिक सूक्ष्म असते. ‘मदर इंडिया’च्या (१९५७) प्रसिद्ध प्रतिमेत नायिका नर्गिसच्या खांद्यावर नांगराचा भार आहे. एरवी आडव्या रेषेत स्थैर्य आणि उभ्या रेषेत ताठपणा जाणवतो, तर इथे नांगराचे तिरपे लाकूड चौकटीचा तोल बिघडवते, आणि तो तोल सावरणारे शरीर म्हणूनच ती स्त्री नजरेत भरते. संवादाचा एक शब्दही न वाचता कष्ट आणि निर्धार या दोन्ही गोष्टी कळतात.

रंगाने वस्तूचे वर्णन करण्याऐवजी भावाचे सूचन करावे, ही रीत सत्तरच्या दशकात ठळक झाली. जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि ‘दीवार’चे (१९७५) पोस्टर करणारे दिवाकर करकरे यांच्यासारख्या चित्रकारांनी ब्रशाचे व सुरीचे खडबडीत फटकारे मुद्दाम उघडे ठेवले, आणि अशा कामात संतापलेल्या चेहऱ्यावर निळा किंवा लाल रंग बेधडक येऊ लागला. ‘शोले’ची (१९७५) तडे गेलेल्या दगडासारखी अक्षरेही याच वृत्तीची आहेत, कारण तिथे नाव वाचण्याआधीच त्याचे वजन जाणवते.

याउलट अमेरिकेत आरेखनकार सॉल बास यांनी ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ (१९५९) या चित्रपटाच्या पोस्टरसाठी नारिंगी पार्श्वभूमीवर तुकडे केलेली एक काळी मानवाकृती एवढेच ठेवले होते. तसा संयम मुंबईला परवडणारा नव्हता, कारण इथला प्रेक्षक आधी नट ओळखून मगच तिकीट काढत असे.

नव्वदच्या दशकानंतर संगणक आणि फ्लेक्सच्या छपाईने फटकारे पुसले व चेहरे गुळगुळीत केले. आकारमानाची उतरंड मात्र टिकली, कारण तिचा संबंध कुंचल्यापेक्षा श्रेयनामावलीच्या करारांशी अधिक होता.