मलईदार ड्रेसिंग, कच्च्या अंड्याविना

वजन कमी करायचे म्हणून सॅलड खाणारे अनेक जण एकतर काकडी-गाजराला नुसते मीठ-लिंबू लावतात किंवा वर भरपूर मेयोनीज घालतात. दोन्हींत काहीतरी हुकते.

गाजर, टोमॅटो, पालक यांतील कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्ये स्निग्ध पदार्थात विरघळतात. त्यांतील बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्निग्धांशविरहित ड्रेसिंगबरोबर सॅलड खाल्ल्यावर ही द्रव्ये जवळजवळ शोषली गेली नाहीत. ड्रेसिंगमध्ये तेल असताना ती शोषली गेली. अभ्यास मोजक्या जणांवरचा होता; पण सॅलडला थोडे तेल हवे, हे त्यातून समजते.

मेयोनीजमध्ये मात्र हे तेल फार होते. पारंपरिक मेयोनीजचा तीन चतुर्थांश भाग तेलच असतो. एका मोठ्या चमच्यात सुमारे ९० ते १०० कॅलरी. दुसरा धोका कच्च्या अंड्याचा. त्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि लिंबाच्या आंबटपणाने ते मरतीलच याची खात्री नसते. म्हणूनच तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घातली. लहान मुले, गर्भवती आणि वृद्धांना हा संसर्ग अधिक त्रासदायक ठरतो.

मग दाटपणा कशाने आणायचा? तेल आणि पाणी एकत्र राहत नाहीत. मेयोनीजमध्ये अंड्याच्या बलकातील लेसिथिन त्यांना बांधून ठेवते. तेच काम दह्यातील प्रथिने आणि वाटलेली मोहरी करू शकतात. दही घालून, वर मोहरी फेसून लावलेल्या आपल्या कोशिंबिरीत हे दोन्ही घटक असतातच.

चौघांसाठी अर्धा किलो ताजे दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये दोन-तीन तास टांगा किंवा चाळणीवर ठेवा. त्यातला चार मोठे चमचे चक्का घ्या. त्यात अर्धा चमचा वाटलेली मोहरी, लसणाची एक पाकळी ठेचून, मिरपूड आणि चिमूटभर मीठ घालून फेटा. मग दोन लहान चमचे शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल थेंबाथेंबाने घालत फेटत राहा. तेल एकदम ओतले तर ते वेगळे होऊन वर तरंगते. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस घाला. फार घट्ट वाटले तर दह्याचे निथळलेले पाणी वापरा. ते फेकू नका, उरलेले कणकेत चालते. या प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा चमचा तेल येते.

मीठ भाज्यांतील पाणी ओढून घेते आणि ड्रेसिंग पातळ होते. म्हणून भाज्या धुऊन कोरड्या करा आणि ड्रेसिंग वाढायच्या वेळीच मिसळा. कच्च्या पालेभाज्या वाहत्या पाण्याखाली पानन् पान धुवा, नाहीतर अंडे टाळूनही जंतू पोटात जातील.

उरलेले ड्रेसिंग काचेच्या स्वच्छ बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. डब्यातून न्यायचे असेल तर शक्यतो गार ठेवा. उन्हाळ्यात ते तासन् तास बाहेर राहिले, तर वास बरा येत असला तरी खाऊ नका.