इमारतींची दुरुस्ती आणि वटवाघळांचे संरक्षण

सिल्लोडसारख्या तालुक्यात जुनी देवळे, गढ्या, वाडे किंवा शाळेचे जुने छप्पर यांत वटवाघळांची वस्ती आढळणे ही नवलाची गोष्ट नव्हे. अशा इमारतीची दुरुस्ती निघाली, म्हणजे धूर करून वटवाघळे हुसकावणे व फटी लिंपून टाकणे एवढाच उपाय सुचतो. या उपायात मोठा दोष आहे. बहुतेक जातींची मादी एका वेळी एकच पिलू देते. ती रात्री भक्ष्यासाठी बाहेर गेली असता फट बुजविली, तर उडता न येणारे पिलू आत उपाशी मरते. अशी घटलेली वसाहत पुन्हा भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. तिच्या नाशाने तोटा शेतकऱ्याचाच होतो. कारण लहान वटवाघळे पिकांना उपद्रव देणारे पतंग व इतर कीटक खातात, आणि मोठी फलाहारी वटवाघळे वड, उंबर यांचे बी दूरवर नेऊन टाकतात.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात फलाहारी वटवाघळांची गणना पूर्वी उंदीर, घुशी व कावळे यांच्याबरोबर उपद्रवी प्राण्यांत होत असे. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकण्यात आली, व ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. मोठे फलाहारी वटवाघूळ आता दुसऱ्या अनुसूचीत असून त्यास मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात बारापेडे येथील गुहांत राहणाऱ्या एका दुर्मिळ जातीस तर पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. वटवाघळांच्या आश्रयाच्या झाडांपैकी चिंच व आंबा तोडण्यास महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वये परवानगी लागते. मात्र साध्या घराच्या दुरुस्तीपूर्वी वटवाघळांची पाहणी करण्याची सक्ती या देशात नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने वटवाघळांच्या निवाऱ्यासही संरक्षण दिले आहे. तेथे वस्तीचा संभव असल्यास तज्ज्ञाकडून पाहणी झाल्यावाचून बांधकाम पुढे सरकत नाही.

पाहणी कशी करतात?

पाहणीचे दोन भाग असतात. दिवसा फटीखालील लेंड्या, भिंतीवरील तेलकट डाग व कीटकांचे गळालेले पंख शोधतात. सायंकाळी सूर्यास्ताच्या थोडे आधीपासून सुमारे दोन तास बाहेर उभे राहून कोणत्या फटीतून किती वटवाघळे निघतात, हे मोजतात. मनुष्यास ऐकू न येणारे त्यांचे आवाज टिपणारे यंत्रही तज्ज्ञ वापरतात. आत पिले नाहीत अशी खात्री झाल्यावर फटीवर जाळी अशी सैल सोडतात की, वटवाघूळ बाहेर पडू शकते, परंतु परत आत शिरू शकत नाही. काही रात्रींनंतर फट बुजवितात.

संरक्षण म्हणजे इमारत वटवाघळांच्या स्वाधीन करणे नव्हे. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांना त्यांच्या विष्ठामूत्राचा उपद्रव झालेला आहे; तेथे त्यांना दूर ठेवणे योग्यच होय. प्रश्न केव्हा व कोणत्या रीतीने, एवढाच आहे.

शिक्षकांचे कार्य

दुरुस्तीचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीपुढे येताच मुख्याध्यापकांनी अशी पाहणी करावी, व वस्ती आढळल्यास काम सुरू होण्यापूर्वी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांस लेखी कळवावे. वरच्या वर्गातील मुलांना सायंकाळची मोजणी मोठ्यांच्या देखरेखीखाली, दूर उभे राहून करता येईल. गणित व निसर्ग-अभ्यास या दोहोंस ती उपयोगी पडेल. मात्र खाली पडलेल्या वटवाघळास मुलांनी हात लावू नये व त्याने उष्टावलेले फळ खाऊ नये, हे बजावून सांगावे. कारण त्यांच्यापासून क्वचित गंभीर रोग होतात. साचलेली विष्ठा वर्गाच्या वेळेत झाडू नये. पाणी शिंपडून व नाकातोंडास फडके बांधून मोठ्या माणसांनी ती काढावी.